वहीतला आलेख आणि हातातला तुकडा : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे यंत्र आणि उत्पादन अभियांत्रिकीच्या पदविका व पदवीच्या विद्यार्थ्यांची आहेत, आणि त्यांतल्या अडचणी मॅन्युफॅक्चरिंग टेक्नॉलॉजी व इंजिनिअरिंग मटेरियल्स या दोनच विषयांभोवती फिरतात. वेळापत्रकात हे विषय वेगळ्या तासांना, वेगळ्या शिक्षकांकडे आणि अनेकदा वेगळ्या सत्रांत असतात. मी अकरा वर्षे कारखान्यात आणि त्यानंतर चोवीस वर्षे तंत्रनिकेतनात काढली, आणि या सगळ्या काळात मला हे दोन विषय वेगळे करता आले नाहीत. उत्तरे वाचताना हे लक्षात ठेवावे, ही विनंती.

प्रश्न : मी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लोह-कार्बन आलेख मला कोऱ्या कागदावर काढता येतो, तापमाने आणि टक्केवारी पाठ आहेत, परीक्षेत गुणही मिळतात. पण त्याचा अर्थ काय असे कोणी विचारले, तर मला एक वाक्यही सांगता येत नाही. काय करावे? (एक विद्यार्थी, बार्शी)

उत्तर : हा आलेख आपण बहुधा डावीकडून उजवीकडे, रकाने भरल्यासारखी नावे भरत शिकतो. तो वाचायचा असतो वरून खाली. एकच पोलाद निवडा, त्याच्या कार्बनच्या आकड्यावर पेन्सिलीने एक उभी रेघ मारा आणि त्या रेघेवरून हळूहळू खाली उतरत या. ०.४ टक्के कार्बन घ्या, कारण तुमच्या वर्कशॉपच्या रॅकमध्ये पडलेली ईएन ८ या प्रतीच्या पोलादाची सळई जवळपास याच आकड्याची असते.

९०० अंश सेल्सिअसला तुम्ही ऑस्टेनाइटच्या क्षेत्रात आहात. येथे सळई घनच आहे, पण तिच्यातला सगळा कार्बन लोखंडाच्या स्फटिकरचनेत विरघळलेला आहे. तापमान ८०० च्या थोडे खाली आले की रेघ पहिली हद्द ओलांडते आणि फेराइटचे कण तयार होऊ लागतात. फेराइटमध्ये कार्बन जवळपास मावतच नाही, जास्तीत जास्त ०.०२ टक्के, त्यामुळे फेराइट बनताना जो कार्बन बाहेर पडतो तो उरलेल्या ऑस्टेनाइटमध्ये जमा होत जातो. असे होत होत ७२७ अंशांना उरलेल्या ऑस्टेनाइटमध्ये ०.७६ टक्के कार्बन साठलेला असतो, आणि तिथे तो सगळाच्या सगळा पर्लाइटमध्ये बदलतो. पर्लाइट म्हणजे फेराइट आणि सिमेंटाइट (लोखंड व कार्बन यांचे कठीण संयुग) यांचे एकाआड एक पातळ थर. आता लिव्हर रूल, म्हणजे दोन घटकांचे प्रमाण काढण्याचा नियम, लावा. ०.७६ मधून ०.४ वजा केल्यावर ०.३६ उरतात आणि ०.७६ मधून ०.०२ वजा केल्यावर ०.७४, पहिल्याला दुसऱ्याने भागले की ०.४९ येतात. म्हणजे सावकाश थंड झालेल्या ईएन ८ मध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली, साधारण निम्मा भाग पांढरा फेराइट आणि निम्मा भाग गडद पर्लाइट दिसला पाहिजे. प्रयोगशाळेत नमुना घासून, पॉलिश करून, नायटल या सौम्य आम्लाने एच केल्यावर (पृष्ठभाग हलकासा कोरल्यावर) तसा तो खरोखर दिसतो. गणिताने आधी सांगितलेली गोष्ट डोळ्यांनी पाहणे, हा माझ्या मते या विषयातला सर्वांत आनंदाचा तास आहे. तो तास केवळ आकृत्या काढण्यात घालवू नका. (जुन्या पुस्तकांत ७२७ ऐवजी ७२३ आणि ०.७६ ऐवजी ०.८ किंवा ०.८३ हे आकडे आढळतात. त्याने गोंधळून जाऊ नये. मोजमाप सुधारत गेले तसे आकडे बदलले, आलेखाचा अर्थ तोच राहिला.)

आता या आलेखात जे नाही त्याकडे वळू. त्यात मार्टेन्साइट, म्हणजे झटकन विझवलेल्या पोलादाची कठीण रचना, कोठेही सापडत नाही, कारण हा आलेख सावकाश थंड होणाऱ्या पोलादाचा आहे. कार्बनला बाहेर पडायला वेळच दिला नाही तर काय होते, हे पाहण्यासाठी गोधडी शिवायच्या जाड सुया किंवा दाभण घ्या, एकूण तीन. डोळ्यांवर चश्मा हवा, सुई पकडीने धरावी आणि शेजारी मोठे माणूस असावे. पहिली सुई गॅसच्या ज्योतीत लाल करून गरम राखेत खुपसून ठेवा. दुसरी लाल करून तत्क्षणी पाण्यात बुडवा. बारीक सुई ज्योतीबाहेर क्षणात थंड होते, म्हणून पाण्याची वाटी ज्योतीला अगदी खेटून ठेवावी लागते. तिसरी सुईही दुसरीप्रमाणेच पाण्यात बुडवा, पण नंतर पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा आणि ज्योतीपासून दूर धरून हळूहळू तापवा. तिच्यावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा रंग चढताना दिसेल. निळा येताच थांबा. पिवळा रंग सुमारे २३० अंशांचा, निळा सुमारे ३०० अंशांचा.

आता तिन्ही वाकवून पाहा. राखेतली सुई वाकते आणि वाकलेलीच राहते. पाण्यातली कट्कन मोडते. निळी सुई वाकते आणि सोडल्यावर परत सरळ होते. तिन्ही सुयांत कार्बन तितकाच होता आणि लोखंडही तेच होते. त्यांच्यात वेगळेपण आले ते केवळ थंड होण्याच्या वेगामुळे आणि नंतरच्या तापवण्यामुळे, आणि हे दोन्ही तुम्ही स्वतः केले. गावचा लोहार विळ्याला 'पाणी देतो' तेव्हा तो हेच करतो. नांगराच्या फाळाचे टोक ठोकून घडवून झाल्यावर तो टोकाकडचा रंग का निरखत बसतो, हेही आता तुम्हाला सांगता येईल. त्याच्याकडे एक दिवस जाऊन बसा. लाल झालेल्या तुकड्याला चुंबक लावून पाहायला सांगा. साधारण ७३० ते ७७० अंशांच्या दरम्यान पोलादाची चुंबकीय ओढ नाहीशी होते, आणि तुमच्या आलेखावरची हद्द भात्यासमोर उभी राहते.

प्रश्न : मी आयटीआय करून भोसरीत सीएनसी टर्निंगवर काम करतो आणि पदविकेचा अभ्यासही करतो. इन्सर्टच्या (टूलवर बसवायच्या, बदलता येणाऱ्या कापणाऱ्या तुकड्याच्या) डबीवर कटिंग स्पीड छापलेला असतो, यंत्र बाकीचे करते. मग टेलरचे टूल लाइफचे समीकरण शिकण्याचा उपयोग काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तुम्ही रोज यंत्रापाशी उभे राहता, म्हणून तुमच्याच भाषेत हिशेब मांडतो. अमेरिकन अभियंते एफ. डब्ल्यू. टेलर यांनी अनेक वर्षे पोलाद कापून पाहिल्यावर १९०६ मध्ये हे समीकरण मांडले : कटिंग स्पीड गुणिले टूल लाइफचा एन-घात बरोबर स्थिरांक. कार्बाइडच्या (इन्सर्ट ज्याचे असते त्या कठीण पदार्थाच्या) टूलसाठी एन साधारण ०.२५ धरतात. याचा अर्थ असा की, स्पीड वाढला की टूलचे आयुष्य त्याच्या चौथ्या घाताने घटते.

समजा, १५० मीटर प्रतिमिनिट स्पीडला एक कोपरा २० मिनिटे टिकतो आणि एका जॉबचा कापण्याचा वेळ २ मिनिटे आहे. एका कोपऱ्यावर १० जॉब निघतात. सुपरवायझर म्हणाले, स्पीड १८० करा. वाढ फक्त २० टक्के, पण १.२ चा चौथा घात २.०७ येतो, म्हणजे कोपऱ्याचे आयुष्य २० वरून १० मिनिटांच्याही खाली उतरले. जॉबचा वेळ १०० सेकंदांवर आला, आणि कोपऱ्यामागे जेमतेम ५ ते ६ जॉब निघू लागले. चार कोपऱ्यांच्या इन्सर्टवर पूर्वी ४० नग निघत, आता सुमारे २३. कोपरा फिरवून ऑफसेट घ्यायला २ मिनिटे लागतात असे धरले तर पूर्वी दर नगामागे सगळे मिळून १३२ सेकंद जात होते, आता सुमारे १२१. म्हणजे वेळ वाचला खरा, पण ११ सेकंदांसाठी इन्सर्टचा खर्च पावणेदोन पटींच्या घरात गेला. हा सौदा परवडतो की नाही हे यंत्राचा ताशी दर आणि इन्सर्टची किंमत यांवर ठरते. ते ठरवण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते त्याला हे समीकरण यावेच लागते, आणि तुम्ही पदविका घेत आहात ती त्या जागेवर जाण्यासाठीच.

डबीवरचा आकडा हा एका विशिष्ट कठीणपणाच्या मटेरियलसाठी, विशिष्ट फीड आणि खोलीसाठी, सुरुवात करण्यापुरता दिलेला असतो. तुमच्याकडे आज आलेली सळई नॉर्मलाइज केलेली (तापवून हवेत गार केलेली) आहे की हार्डन-टेम्पर केलेली (विझवून पुन्हा थोडी तापवलेली), हे त्या डबीला ठाऊक नसते. एकच प्रोग्राम सोमवारी नीट चालतो आणि गुरुवारी नव्या लॉटवर त्याच प्रोग्रामला टूल भराभर जाते, तेव्हा दोष बहुधा प्रोग्रामचा नसतो. अशा वेळी चिप, म्हणजे कापून निघालेला धातूचा कीस, हातात घेऊन (गार झाल्यावर, आणि हातमोजा यंत्र थांबल्यावरच घालून) तिचा रंग व वळण पाहण्याची सवय लावा. तुमच्या हाताशी असलेला हा अनुभव वर्गातल्या साठ मुलांपैकी फार थोड्यांकडे असतो.

प्रश्न : मी सातपूरच्या एका लहान कारखान्यात नोकरी करत पदवीचे शिक्षण घेतो. आम्ही ईएन ८ चे शाफ्ट इंडक्शन हार्डनिंगला (विजेच्या कॉइलने पृष्ठभाग तापवून विझवण्याला) पाठवतो. मागच्या लॉटमध्ये काही शाफ्टना ५० च्या वर रॉकवेल कठीणपणा मिळाला, काहींना निम्माही नाही. हार्डनिंग करणारे म्हणतात, मटेरियल खराब. पुरवठादार म्हणतात, हार्डनिंग खराब. कोणाचे खरे मानावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कोणाचेच लगेच मानू नका, तुकड्यालाच विचारा. एकाच लॉटमध्ये काही चांगले आणि काही मऊ, असे दिसले की मला पहिली शंका मटेरियल मिसळल्याची येते. मार्टेन्साइट किती कठीण होणार हे कार्बनवर ठरते. ०.४ टक्के कार्बन असला तर ५० ते ५५ रॉकवेल सी सहज मिळतात. माइल्ड स्टील या साध्या, मऊ पोलादामध्ये तितका कार्बनच नसतो, त्यामुळे ते कितीही तापवून कितीही झपाट्याने विझवले तरी तो आकडा येणार नाही.

एक चांगला आणि एक मऊ शाफ्ट बेंच ग्राइंडरवर, त्याच चाकावर, सारख्याच दाबाने टेकवा आणि ठिणग्या पाहा. पाठीमागे काळोख असेल तर उत्तम. माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब, सरळ आणि क्वचित फुटणाऱ्या असतात. कार्बन वाढला की ठिणगी वाटेत फुटते, तिला फाटे येतात. जास्त कार्बनच्या टूल स्टीलला तर चाकापासून जवळच दाट चांदण्या उमलतात. शेजारी खात्रीची ईएन ८ ची सळई ठेवून तुलना केलीत तर दोन मिनिटांत अंदाज येईल. अंदाज आल्यावर दोन्ही तुकडे प्रयोगशाळेत रासायनिक पृथक्करणासाठी पाठवा आणि मग बोला. ठिणग्यांच्या भरवशावर कोणाशी वाद घालू नये.

पृथक्करण सारखेच आले तर दुसरीकडे पाहावे. काळ्या, गरम रोलिंगच्या सळईच्या पृष्ठभागावर कार्बन जळून गेलेला थर असतो. टर्निंगमध्ये तो पुरता निघाला नसेल तर वरून कठीणपणा कमी दिसतो आणि अर्धा मिलिमीटर घासून पुन्हा मोजला की आकडा वाढतो. तोही वाढला नाही, तर कॉइल व शाफ्ट यांमधले अंतर, तापमान आणि पाण्याचा फवारा हे तपासायची पाळी हार्डनिंग करणाऱ्यांची.

मिसळ कशी होते याचा एक अनुभव सांगतो. माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी आमच्या स्टोअरमध्ये प्रत्येक सळईच्या एका टोकाला ग्रेडप्रमाणे रंग दिलेला असे. रात्रपाळीत घाईने कोणीतरी रंगवलेल्या टोकाकडून तुकडे कापले, उरलेली सळई रंगाविना रॅकमध्ये परत गेली, आणि पुढच्या आठवड्यात तिचे गिअर बनले. कार्ब्युरायझिंगनंतर (पृष्ठभागात कार्बन मुरवण्याच्या प्रक्रियेनंतर) सगळे नग बाद झाले. कापणाऱ्याला 'रंगाचे टोक शेवटपर्यंत राखायचे' हे कोणी सांगितले नव्हते. सांगायचे काम माझे होते. तुमच्या कारखान्यात आज जाऊन रॅक पाहा, आणि प्रत्येक लॉटबरोबर हीट नंबर (भट्टीतल्या घाण्याचा क्रमांक) लिहिलेले टेस्ट सर्टिफिकेट घ्यायला सुरुवात करा.

प्रश्न : आमच्या गटाने प्रॅक्टिकलमध्ये ओतलेल्या ॲल्युमिनिअमच्या पुलीत मोठी छिद्रे निघाली. जर्नलमध्ये मात्र 'कास्टिंग निर्दोष मिळाले' असे लिहायला सांगण्यात आले, कारण मागच्या वर्षीच्या जर्नलमध्ये तसेच आहे. हे योग्य आहे का? (चार विद्यार्थी, इचलकरंजी)

उत्तर : योग्य नाही, आणि तुमचे नुकसान करणारे आहे. निर्दोष पुलीपेक्षा छिद्रांची पुली तुम्हाला पुष्कळ जास्त शिकवील. ती भंगारात टाकू नका. करवतीने छिद्रांवरून मधोमध कापा.

छिद्राची भिंत गोल, गुळगुळीत, चकाकणारी असेल तर तो ब्लोहोल, म्हणजे वायू अडकला. त्याची कारणे साच्याकडे शोधा : वाळूत पाणी जास्त झाले का, वाळू इतकी ठोकून भरली का की वाफेला वाट राहिली नाही, व्हेंट वायरने भोके पाडायची विसरलात का, कोअर (पोकळ भागासाठी साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा) ओला होता का. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूत, ओलावा साधारण ३ ते ५ टक्के पुरतो. मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि मोडला की कड स्वच्छ तुटावी, ही साच्याजवळच्या माणसांची जुनी कसोटी आजही उपयोगी आहे. भिंत खडबडीत, सुयासुयांसारखी असेल आणि छिद्र हबच्या, म्हणजे पुलीच्या मधल्या, जाड भागात असेल, तर ती श्रिंकेज कॅव्हिटी, म्हणजे आकुंचनाने पडलेली पोकळी. ॲल्युमिनिअम द्रवाचे घन होताना त्याचे आकारमान ६ ते ७ टक्क्यांनी घटते. पातळ कड आधी गोठते, जाड हब शेवटी गोठतो, आणि त्या वेळी त्याला धातू पुरवणारा रायझर आधीच गोठलेला असेल तर पोकळी पडणारच. लक्षात घ्या, पॅटर्न तयार करताना धरलेली आकुंचनाची सूट, ॲल्युमिनिअमसाठी १०० मिलिमीटरला साधारण १.३ मिलिमीटर, ही गोठून झाल्यानंतर गार होतानाच्या आकुंचनासाठी असते. ती कितीही वाढवली तरी ही पोकळी भरत नाही. परीक्षेत या दोन आकुंचनांची गल्लत करणारी उत्तरे मी दरवर्षी तपासली आहेत. आणि सबंध तुकड्यात टाचणीच्या डोक्याएवढी बारीक छिद्रे पसरलेली असतील तर वितळलेल्या ॲल्युमिनिअमने ओलाव्यातून हायड्रोजन शोषला, असे समजा.

कापलेल्या तुकड्याचा फोटो जर्नलमध्ये चिकटवा, खाली तीन ओळींत दोष, कारण आणि पुढच्या वेळी काय बदलणार ते लिहा, आणि शिक्षकांना नम्रपणे दाखवा. बहुतेक शिक्षकांना असे पान पाहून आनंदच होईल. तुमच्या गावापासून शिरोली आणि गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहती फार दूर नाहीत. तिथल्या फाउंड्रीत विनंती करून एक दिवस फेटलिंग (ओतलेल्या नगाची साफसफाई) आणि तपासणीच्या टेबलापाशी उभे राहा, म्हणजे बाद नगांचा ढीग किती काही सांगतो ते कळेल. आणि विजापूरला सहल गेली तर मुलूखमैदान तोफेजवळ थोडा वेळ थांबा. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली ती प्रचंड कांस्य तोफ आहे. इतका धातू एका वेळी वितळवून, तो वाटेत गोठू न देता साच्यात उतरवणाऱ्या कारागिरांसमोर रनर व गेट (धातू साच्यात नेणाऱ्या वाटा) आणि गोठण्याच्या क्रमाचे तुमचेच प्रश्न होते.

प्रश्न : चार्पी आणि आयझॉड या चाचण्या जवळपास सारख्याच वाटतात. टेन्साइल टेस्टमध्ये (नमुना ओढून तोडण्याच्या चाचणीत) ताकद कळतेच, मग नमुन्याला खाच पाडून हातोड्याने मोडण्याची गरज का भासली? (एक विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : फरक आधी सांगतो. चार्पीचा नमुना १० बाय १० बाय ५५ मिलिमीटरचा, दोन्ही टोकांना टेकवलेला, आणि घाव खाचेच्या मागच्या बाजूला बसतो; आयझॉडचा नमुना एका टोकाला शिकंज्यात उभा धरलेला, आणि घाव खाचेच्याच बाजूने बसतो. शिवाय चार्पीचा नमुना थंड करून झटकन ठेवता येतो, आणि ही सोय अत्यंत मोलाची आहे.

१६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेत ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड येथे 'स्केनेक्टडी' हे नवे कोरे तेलवाहू जहाज गोदीत, शांत पाण्यात उभे असताना मोठा आवाज होऊन मधोमध तडकले. लाट नव्हती, टक्कर नव्हती. त्याच काळात झपाट्याने बांधलेल्या २,७०० हून अधिक लिबर्टी या मालवाहू जहाजांपैकीही अनेकांना तडे गेले. पोलादाची ताकद टेन्साइल टेस्टच्या कागदावर पुरेशी होती. पण त्या प्रतीचे पोलाद थंडीत चिवटपणा सोडून ठिसूळ होत असे, हे केंब्रिजच्या धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांच्या संशोधनाने स्पष्ट केले. हॅचच्या (डेकवरच्या माल उतरवायच्या झरोक्याच्या) चौकोनी कोपऱ्यांशी आणि वेल्डिंगच्या दोषांशी ताण एकवटत होता. त्यात रिव्हेटऐवजी वेल्डिंग आले होते. रिव्हेटच्या जहाजात तडा एका पत्र्याच्या कडेला येऊन थांबू शकतो. वेल्ड केलेले जहाज म्हणजे एकसंध पत्रा, त्यात तड्याला थांबायला जागा नाही. यात मटेरियलचा दोष किती, डिझाइनचा किती आणि प्रक्रियेचा किती, हे वेगळे काढता येत नाही. चार्पीच्या नमुन्यावरची २ मिलिमीटरची खाच म्हणजे तो हॅचचा कोपरा आहे असे समजून पुढचा प्रयोग करा. मोडल्यावर दोन्ही तुकडे टाकून देऊ नका. खोलीच्या तापमानाचा तुटका भाग करडा आणि तंतुमय दिसतो, बर्फात किंवा त्याहून थंड ठेवलेल्याचा भाग चकाकता व दाणेदार होत जातो.

प्रश्न : माझ्या मुलीला मेटलर्जीला (धातुशास्त्राला) प्रवेश मिळतो आहे. नातेवाईक म्हणतात की, भट्ट्यांचे काम मुलींना झेपत नाही, संगणकाचीच शाखा घ्यावी. आपले मत काय? (एक माता, कराड)

उत्तर : ताई, मुलीला स्वतःला काय हवे आहे हे आपण लिहिलेले नाही, ते आधी तिला विचारावे. तिला धातूंचे आकर्षण असेल तर नातेवाइकांच्या या कारणासाठी आपण माघार घेऊ नये. या शाखेचे काम भट्टीसमोर घण मारण्याचे नाही. सूक्ष्मदर्शक, कठीणपणा-मापन, स्पेक्ट्रोमीटर, मोडलेल्या भागाचा तपास, संगणकावर ओतकामाचे सिम्युलेशन, उष्णता-प्रक्रियेचे नियोजन अशा कामांत बारकाई आणि चिकाटी लागते, आणि माझ्या विद्यार्थिनींनी ती भरपूर दाखवली आहे. एकीने तर अंतिम वर्षाच्या प्रकल्पात मोडलेल्या ट्रॅक्टर-शाफ्टच्या तुकड्यावरून, की बसवायच्या खाचेच्या टोकदार कोपऱ्यातून फटिग (वारंवारच्या ताणाने वाढणारा तडा) कसा सुरू झाला, हे शिंपल्यासारख्या रेघांवरून इतके नेमके दाखवले की परीक्षकांनी तो तुकडा मागून घेतला.

अडचणी आहेत त्या कामाच्या स्वरूपात नाहीत, व्यवस्थेत आहेत. काही जुन्या कारखान्यांत आजही महिलांसाठी स्वच्छ प्रसाधनगृह, कपडे बदलण्याची खोली किंवा कामाची पाळी संपल्यावर घरी सोडणारी गाडी नसते. नोकरीच्या मुलाखतीत हे प्रश्न मुलीने संकोच न करता विचारावेत. उत्तर टाळणारी जागा सोडून द्यावी. शाखा सोडण्याचे कारण यात नाही.

प्रश्न : पदविका झाल्यावर थेट दुसऱ्या वर्षात पदवीला जावे की आधी नोकरी करावी? (अनेक वाचक)

उत्तर : घरची परिस्थिती परवानगी देत असेल, तर एक वर्ष ॲप्रेंटिसशिप करून मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यावा, असे माझे मत आहे. त्या वर्षात पगार थोडा असतो, पण शॉप फ्लोअरवर काढलेल्या वर्षानंतर पदवीच्या पुस्तकातले प्रत्येक प्रकरण ओळखीचे वाटू लागते. मात्र गणितात खंड पडला की ते परत धरणे जड जाते, म्हणून त्या वर्षात रोज अर्धा तास गणिताला द्यावा. पुढे गेट ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा द्यायची असेल तर यंत्र अभियांत्रिकीच्या पेपरबरोबरच उत्पादन व औद्योगिक अभियांत्रिकीचा आणि धातुशास्त्राचा असे स्वतंत्र पेपरही असतात, हे अनेकांना उशिरा कळते. आताच त्यांचे अभ्यासक्रम उतरवून ठेवा. एनपीटीईएल या व्याख्यानांच्या संकेतस्थळावर या दोन्ही विषयांची व्याख्याने विनामूल्य आहेत. ॲप्रेंटिस म्हणून रुजू होताना निवड करायची संधी मिळाली तर असेंब्लीपेक्षा टूल रूम, हीट ट्रीटमेंट किंवा क्वालिटीचा विभाग मागून घ्या, आणि पहिल्या दिवसापासून खिशात एक लहान वही ठेवून बाद झालेल्या प्रत्येक नगाचे कारण तिच्यात तारखेसह लिहीत जा.